नावाला लागलेला 'जी'

मध्ये जुन्नर आणि भोवती डोंगर: शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री. या डोंगरांत दीडशेच्या वर लेणी आहेत आणि अनेक लेण्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचा सुलसदत आहे, गृहपतींमधला मुख्य वीरसेनक आहे. ही आपल्याच वळणाची नावं. पण तीन लेख यवनांचे आहेत, म्हणजे समुद्रापलीकडून किंवा उत्तरेकडून आलेल्या परक्यांचे. त्यांतला एक असा: 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.' गत लोकांपैकी इरिल नावाच्या यवनाचं दान, दोन पोढ्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. 'बे एके बे' म्हणताना आपण जो 'बे' उच्चारतो, तोच इथला 'बे'.

दुसरा यवन चिट. त्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. तिसरा चंद. मानमोडीवरच्या भूतलेण्याचा दर्शनी भाग त्याच्या दानातून झाला.

इरिलचं नाव ब्राह्मीत कसं दिसतं ते एकदा निरखून पाहावं. 'इ' म्हणजे त्रिकोणात मांडलेली तीन टिंबं. 'र' म्हणजे एक उभी रेघ, तिच्या माथ्यावर इकाराचं चिन्ह. मग 'ल', आणि शेवटी 'स'. हा 'स' त्याच्या नावातला नाही, तो प्राकृतातला षष्ठीचा प्रत्यय आहे. आज आपण 'इरिलचं' म्हणू, तसं तेव्हाचे जुन्नरकर 'इरिलस' म्हणत. त्याच्या मायदेशी या नावाचा उच्चार काय होता, यावर विद्वानांनी पुष्कळ खल केला. १९१२ साली स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने 'गत' म्हणजे युरोपातले गॉथ असावेत असा तर्क मांडला. इतरांनी त्या नावात ग्रीक मूळ शोधलं. मूळ काहीही असो. कोणीतरी त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने ते आपल्या जिभेला झेपेल तसं धरलं आणि त्याला आपल्या भाषेचा प्रत्यय लावला. परक्या माणसाला भाषा आपल्या घरात घेते ती अशी. आधी त्याचं नाव हाकेला सोपं करून घेते, मग त्याला व्याकरणाच्या पंगतीला बसवते.

या गोष्टीचा मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे. कारण नाव बदललं की माणसाचा मान गेला, असं आपण आज फार चटकन म्हणतो. जुन्नरच्या परिसरात दोन हजार वर्षं नावं एका भाषेतून दुसरीत ये-जा करत आली आहेत. ती पाहिली की मान राहतो कशाने आणि जातो कशाने, हे जास्त नीट कळतं.

इरिलने आपलं नाव राखलं. चंदाचं नाव मात्र पुरतं इथलं झालेलं दिसतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दिले, त्यांची नावं सिहधय, यसवधन अशी, म्हणजे सिंहध्वज आणि यशोवर्धन. नाशिकच्या लेण्यांत एक योनक, म्हणजे यवनच, आहे, उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं धर्मदेव. ज्या दत्तामित्रीहून तो आला तिचं ग्रीक नाव डेमेट्रियास, डेमेट्रियस राजाच्या नावावरून पडलेलं. माणसांबरोबर त्यांचं गावही इथल्या भाषेत उतरलं आणि कानाला अगदी संस्कृत वाटू लागलं.

हे एका पिढीत कसं घडतं, ते पाहायला मानमोडीवरच दुसरा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने तिथे पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६. हे शक वर्ष धरलं तर इसवी सन १२४. नहपान हे नाव इराणी वळणाचं. त्याच्या जावयाच्या बापाचं नाव दिनीक. पण जावई उषवदात, म्हणजे संस्कृतात ऋषभदत्त, आणि मुलगी दक्षमित्रा. सासऱ्याचं नाव परकं, लेक-जावयाची नावं इथली. नाशिकच्या लेण्यांत दान देताना हा शक जावई आपल्या नावात कुठेही अडखळत नाही. इथली माती, इथले देव, इथले भिक्षू आपले म्हणायचे तर लेकरांना इथली नावं द्यावीत, असं त्या घराला वाटलं असेल, आणि ते त्यांनी आपणहून केलं.

नहपानाचं नाव मात्र तोंडोतोंडी फिरलं. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ते ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये या राजाचं नाव 'मानबानोस' असं आलं. जैन ग्रंथांनी त्याला 'नहवाहन' आणि 'नरवाहन' केलं. नरवाहन हे कुबेराचं नाव, आणि त्या जैन कथेतही हा भडोचचा राजा अमाप खजिन्याचा धनी आहे. अर्थ न लागणाऱ्या नावात लोकांनी अर्थ घातला आणि तो अर्थ त्या माणसाला शोभलाही. उलट दिशेनेही असंच झालं. पैठणच्या श्री पुळुमावीचं नाव टॉलेमीच्या भूगोलात 'सिरी टोलेमायोस' होऊन बसलं. लिहिणाऱ्याला परक्या राजाच्या नावात स्वतःचंच नाव ऐकू आलं, यात मला काही वावगं वाटत नाही. अनोळखी नाव कानावर पडलं की आपला कान आधी ओळखीचं काही शोधतो.

इथवरची माणसं राजे, अमात्य, व्यापारी. ती दान देत होती, शिक्के मारत होती, आपलं नाव स्वतः सांगत होती. ज्याला सांगायची मुभाच नव्हती अशा एका पोराची गोष्ट याच जुन्नरच्या इतिहासात आहे आणि ती मला फार लागते.

बहामनी फौजेने विजयनगरच्या मुलखात एक ब्राह्मणाचं मूल पकडलं. मुलाचं नाव तिमप्पा, बापाचं भैरू. त्याला मुसलमान केलं, हसन नाव दिलं आणि सुलतानाच्या गुलामांत ठेवलं. पोर हुशार निघालं. शहजादा महंमदाबरोबर ते शिकलं, फारसी-अरबीत तरबेज झालं. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की बापाच्या नावावरून त्याला मलिक हसन भैरू म्हणत, पण शहजाद्याला 'भैरू' नीट उच्चारता येईना. तो म्हणायचा 'बहरी'. हसनचं नाव पुढे तेच पडलं: निजामुल्मुल्क मलिक हसन बहरी. बहरी म्हणजे ससाणा, तो शिकारी पक्षी सांभाळायचा म्हणून हे नाव, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. याच हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला राहिला, त्याने शिवनेरी घेतली, १४९० साली बहामनी सत्तेपासून वेगळा झाला आणि निजामशाही उभी केली. पुढे अहमदनगर वसेपर्यंत राजधानी जुन्नरच. या घराण्याच्या नावामागे 'बहरी' कायम राहिलं.

त्या मुलाचा देश गेला, धर्म गेला, आईने हाक मारायचं नाव गेलं. उरलं फक्त बापाचं नाव, तेही एका परक्या शहजाद्याच्या बोबड्या उच्चारात. आणि तेच एका सल्तनतीच्या माथ्यावर जाऊन बसलं. पाथरीचं कुलकर्णपण आपल्या पूर्वजांचं होतं हे निजामशहा विसरले नव्हते, असं फरिश्ताच्याच इतिहासात आहे. मला तर त्या शहजाद्याच्या उच्चारातही फारसं परकेपण वाटत नाही. आपल्याकडे खेडोपाडी भैरवाचा बहिरोबा होतो, भैरूचा बहिरू होतो, शिवरायांच्या हेरांचा नाईक बहिर्जी असतो. शहजाद्याची जीभ जिथे वळली तिथेच इथल्या शेतकऱ्याची जीभही वळत होती. उच्चार बदलण्यात त्या पोराचा अपमान नव्हता. अपमान त्याआधी झाला होता, जेव्हा त्याला न विचारता तिमप्पाचा हसन केला तेव्हा.

याच निजामशाहीत भोसले घराणं वाढलं. मालोजीराजांना मूल होईना, अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, दोन मुलगे झाले आणि त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. या दोन नावांकडे जरा थांबून पाहावं. 'शाह' फारसी, 'शरीफ' अरबी. मराठी घराने दोन्ही घेतली, त्यांत काही मोडतोड केली नाही, फक्त मागे 'जी' लावला. हा एक 'जी' लागल्याबरोबर ती नावं मराठी झाली. शहाजींच्या मुलाचं नाव शिवनेरीच्या शिवाईवरून शिवाजी ठेवलं, असंही आपण ऐकत आलो आहोत. बापाच्या नावात पीर, लेकाच्या नावात देवी, आणि दोघांच्या नावांना तोच 'जी'. शहाजींचे आणखी एक पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. त्यांच्या मुलांत थोरला पुन्हा शहाजी आणि त्याच्या पाठचा सरफोजी. आजोबा आणि चुलत आजोबा या दोघांची जोडनावं नातवांना दिलेली असावीत आणि सरफोजीत शरीफजीच असावा, असं मला वाटतं. तमिळ मुलखात त्याच सरफोजीचं 'शरभोजी' झालं, संस्कृत शरभाच्या जवळ जाणारं. नगरच्या पीराचं नाव कावेरीकाठी जाऊन पुराणातला प्राणी झालं आणि 'जी' मात्र जिथल्या तिथे राहिला.

हा 'जी' मुळात नावाचा भाग नाही. तो मान आहे. आपण तो इतका सहज लावतो की तो वेगळा दिसतच नाही. परक्यांना तर मुळीच दिसला नाही. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी लिहिलं 'सेवाजी', पोर्तुगीजांनीही 'सेवाजी'. ज्याची त्यांना धडकी भरत होती त्याच्या नावाला त्यांनी प्रत्येक कागदावर मानाचा प्रत्यय लावला आणि त्यांना ते कळलंही नाही. मोगलांना 'जी' म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्यांच्या अखबारांत नुसतं 'शिवा' येतं.

यासारखंच मला जगाच्या दुसऱ्या टोकाला सापडलं, मेक्सिकोत. तिथली नाहुआतल भाषा अॅझ्टेकांची, आजही लाखो लोक ती बोलतात. १५१९ साली स्पॅनिश लोक तिथे उतरले आणि त्यांच्या पाद्र्यांनी बाप्तिस्मे देत हजारो लोकांना स्पॅनिश नावं दिली. पण नाहुआतलमध्ये 'र' नाही, 'फ' नाही, 'ब', 'द', 'ग' नाहीत. मग मारियाची मालिया झाली आणि फ्रान्सिस्कोचा पालासिश्को. त्या लोकांनी ती नावं तशीच आपल्या हस्ताक्षरात, आपल्या पंचायतीच्या कागदांत लिहिली. नाव लादलेलं होतं, पण ते आपल्या जिभेवर कसं बसवायचं हे त्यांनीच ठरवलं.

त्या भाषेतही एक 'जी' आहे: 'त्सिन'. आदर दाखवायचा असो की माया, नावाला त्सिन लागतो. आपल्याकडे ही दोन कामं दोन प्रत्ययांत वाटलेली आहेत, त्यांच्याकडे एकच प्रत्यय दोन्ही करतो. हुआन नावाच्या गरीब माणसाला प्रेमाने हाक मारायची तर 'हुआनत्सिन'. स्पॅनिशांचा सेनानी कोर्तेस याला गुलाम म्हणून दिलेल्या एका मुलीचं बाप्तिस्म्याचं नाव मारीना ठेवलं. ती दुभाषी झाली आणि तिच्या बोलण्यावर राज्यं हलू लागली. तिच्या लोकांनी 'र'चा 'ल' केला, मागे मान लावला: मालिनत्सिन. स्पॅनिशांनी ते ऐकलं आणि आपल्या तोंडाने म्हटलं 'मालिन्चे'. तिच्या नावावरून लोक खुद्द कोर्तेसलाही मालिन्चे म्हणत. एका नावाने दोनदा भाषेची वेस ओलांडली आणि परत येताना मानाचा प्रत्यय पोटात घेऊन आलं. शेवटचा अॅझ्टेक राजा क्वाउतेमोक. त्याला १५२५ साली कोर्तेसने फाशी दिलं. स्पॅनिश पुस्तकांत तो 'ग्वातिमोसिन' म्हणून राहिला, म्हणजे क्वाउतेमोकत्सिन. ज्यांनी त्याला मारलं त्यांनी त्याचं नाव मानासकट लिहून ठेवलं. इंग्रजांचा 'सेवाजी' आणि स्पॅनिशांचा 'ग्वातिमोसिन' ही मला सख्खी भावंडं वाटतात.

आता जुन्नरहून दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात येऊ. या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावला, बाजार मंचरला, आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचं. पश्चिमेला भीमाशंकरकडे चढत गेलं की महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची गावं-वाड्या लागतात. तिथलं जांभोरी हे होनाजी केंगल्यांचं गाव. सावकारांनी कोळ्यांच्या जमिनी गिळल्या, तेव्हा १८७३ च्या सुमारास त्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं. मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने १८७६ मध्ये त्यांना पकडलं.

ब्रिटिश गॅझेटियरमध्ये त्यांचं नाव आहे 'होन्या'. बापाचं नाव भागोजी असंच लिहिलंय, 'जी'सकट. लेकाचा मात्र होन्या. हे नाव इंग्रजांनी घडवलेलं नाही. ते मराठीच आहे, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं. इथे साहेबाच्या जिभेचा दोष नाही. साहेबाला माहिती पुरवणारे कारकून आणि ज्यांच्याविरुद्ध उठाव झाला ते सावकार होनाजींना ज्या नावाने पुकारत होते, तेच कागदावर चढलं.

'या' हा प्रत्यय मुळात वाईट नाही. आई 'बाळ्या' म्हणते, आजी 'राम्या' म्हणते, सोबती 'होन्या' म्हणून हाक मारत असतील. त्या हाकेत माया असते. पण फौजदाराच्या रोजनाम्यात आणि सावकाराच्या चोपडीत तोच प्रत्यय माणसाला लहान करतो. शब्द एकच, म्हणणारा वेगळा. शिवरायांचं नाव परक्यांनी अजाणता मानाने लिहिलं आणि होनाजींचं नाव आपल्याच भाषेतून जाणूनबुजून मानावाचून गेलं. आज त्यांच्या लोकांनी तो 'जी' परत जोडला आहे. आदिवासी समाजात त्यांची आठवण निघते ती होनाजी या नावाने. हा 'जी' जोडायला कोणत्याही राजपत्राची गरज पडली नाही.

नावाच्या बाबतीत खरा प्रश्न उच्चाराचा नाहीच, असं आता माझं पक्कं मत झालं आहे. इरिलचा 'इरिलस' होऊ द्या, भैरूचा 'बहरी' होऊ द्या, मारियाची 'मालिया' होऊ द्या. दुसऱ्याच्या जिभेवर आपलं नाव थोडं वाकडं बसलं म्हणून काही बिघडत नाही. विचारायच्या दोनच गोष्टी: नाव ठरवताना त्या माणसाला विचारलं का, आणि त्याला हाक मारताना मान ठेवला का.

यातला पहिला प्रश्न आपल्याकडे रोज उभा राहतो तो जिल्हा परिषदेच्या शाळेत. डोंगराकडच्या वाड्यांत अजूनही वारावरून नावं असतात. सोमवारी झाला तो सोमा, बुधवारची ती बुधी. धोंडू, चिंधू, काळू ही नावंही तिथली. पहिलीत नाव घालायला आई-बाप येतात तेव्हा गुरुजींच्या पुढ्यात जनरल रजिस्टर असतं, त्यात नावाचा रकाना असतो. गुरुजी भल्या मनाने सोमाचा सोमनाथ करतात, बुधीची सुनीता. जन्मतारीख ठाऊक नसली तर एक जून टाकतात. पोराचं भलंच व्हावं, पुढे शहरात कोणी हसू नये, हा त्यांचा हेतू. पण पुढचे काही दिवस हजेरी घेताना 'सुनीता' असं पुकारलं की वर्ग गप्प असतो. शेवटी शेजारची मुलगी तिला कोपर मारते, 'अगं, तुलाच बोलवताहेत.' ती सहा वर्षांची पोर उभी राहते आणि तिला पहिल्यांदा कळतं की शाळेत आपण दुसरंच कोणीतरी आहोत.

पुराणांनीही हेच केलं. नाणेघाटात सातवाहनांच्या पुतळ्यांवर राजाचं नाव 'सिमुक' असं स्पष्ट कोरलं होतं. पुराणं लिहिणाऱ्यांनी ते शुद्ध करायला घेतलं आणि कुठे शिशुक, कुठे सिंधुक, कुठे शिप्रक करून ठेवलं. राजाचं काही बिघडलं नाही, त्याचं नाव दगडात सुरक्षित होतं. बुधीचं नाव दगडात नाही. तिच्याकडे त्या रजिस्टरचाच दाखला, आणि पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच. आदिवासी कुटुंबाला जातीचा दाखला पडताळून घ्यायचा तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी काढाव्या लागतात. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं, कोळी महादेवऐवजी नुसतं कोळी लिहिलं गेलं, आजोबा एका कागदावर सोमा आणि दुसऱ्यावर सोमनाथ निघाले, की नातवाचे हेलपाटे सुरू. भल्या हेतूने केलेल्या एका दुरुस्तीची किंमत दोन पिढ्यांनी चुकवलेली असते.

नाव कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. मुलगाच हवा म्हणून नंतर झालेल्या मुलीला 'नकोशी', 'नकुशा' नाव देणारी घरं या महाराष्ट्रात होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना एका समारंभात नवी नावं देण्यात आली आणि त्यांतल्या अनेकींनी आपलं नाव स्वतः निवडलं. ते नामांतर मला फार मोलाचं वाटतं, कारण तिथे मुलीला विचारलं होतं. नकुशा हे नाव दुसऱ्यांनी तिच्यावर टाकलेलं होतं. ते तिने टाकून दिलं. बुधीला आपलं नाव जड झालेलं नव्हतं. ते गुरुजींना जड झालं होतं.

बागायतीच्या पट्ट्यात आता दुसरी मुलं येतात. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजाराला, द्राक्षबागांना, साखर कारखान्यांच्या तोडीला लांबलांबून माणसं येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात. त्यांची नावं आपल्या तोंडी सरळ बसत नाहीत. वर्गातली मुलं ती आपल्या पद्धतीने वळवतात, आठवड्याभरात एखाद्या परप्रांतीय नावाला मराठी वळण लागलेलं असतं, आणि ज्याचं नाव आहे तो पोरगाही त्यावर ओ देतो. मुलांच्या खेळातलं हे वळण मला जुन्नरच्या लेण्यांतलंच वाटतं. त्यावर कोणी रागावू नये. पण रजिस्टरात ते नाव त्याच्या घरातलंच उतरलं पाहिजे, त्याच्या आईच्या उच्चाराप्रमाणे.

जूनमध्ये शाळा उघडतील, नवे दाखले होतील. गुरुजींना आणि बाईंना माझी एवढी विनंती आहे. नावाचा रकाना भरायच्या आधी पेन खाली ठेवा आणि पोराच्या आईला विचारा, 'घरी काय हाक मारता?' ती सांगेल ते एकदा मोठ्याने म्हणून दाखवा, तिला बरोबर वाटलं की मग लिहा. तिला स्वतःला बदल हवा असेल तर तो जरूर करा, पण तोही तिच्याच तोंडून येऊ द्या. आणि बाप वाडीवरून दाखल्यासाठी पुन्हा आला, तर त्याला 'ए सोम्या' म्हणू नका, 'सोमाजी, बसा' म्हणा.